वाचकांचे प्रश्न : देशी झाडं परत आणायची, पण कशी?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या आसपासची देशी झाडंझुडपं, गवतं, ओढे, दलदली पुन्हा नीट करायला कोणी गट करून काम करतंय का, आणि करत असाल तर अडतंय कुठे. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत. एक गोष्ट जाणवली ती आधीच सांगते. "किती रोपं लावू" हे जवळपास प्रत्येक पत्रात आहे आणि "नंतर कोण बघणार" हे अगदी थोड्या पत्रांत. म्हणून मी त्या दुसऱ्या गोष्टीवर जरा जास्तच बोलणार आहे, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीच्या मागे ओढ्याकाठची जमीन पडून आहे. आम्ही वीसेक जण तयार आहोत, परवानगीही मिळालीये. पहिल्या पावसात किती रोपं लावावीत? आणि कुठली?

पहिल्या पावसात शक्यतो एकही नको. तुमचा उत्साह बघून हे लिहायला जड जातंय पण खरंच सांगते, आधी एक पूर्ण वर्ष ती जागा नुसती बघा. पाऊस, थंडी, उन्हाळा, तिन्ही. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, माती कुठे वाहून जाते, गुरं कुठून शिरतात, कचरा कोण टाकतं, आणि मुख्य म्हणजे आत्ता तिथे आपोआप काय उगवतंय. वीस जण आहात ना, मग दोन-दोनच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीनं महिन्यातनं एकदा ठरलेल्या वाटेनं फिरायचं, फोटो काढायचे, जे दिसलं ते वहीत लिहायचं. नाव माहीत नसलं तरी चालेल, पान आणि फुलाचा फोटो काढून ठेवा, नाव नंतर सापडतं.

हे करायचं कारण असं की पुष्कळदा जागा दिसते तितकी मेलेली नसते. नायजरचं उदाहरण मी लोकांना नेहमी सांगते. टोनी रिनाउडो नावाचा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडं लावायचं काम करत होता आणि लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये त्याच्या लक्षात आलं की शेतात ठिकठिकाणी जी खुरटी झुडपं दिसतायत ती झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत. खाली मुळं जिवंत होती. दर वर्षी पेरणीच्या आधी शेतकरी ते फुटवे कापून टाकायचे आणि ते पुन्हा यायचे. मग काम काय राहिलं, तर प्रत्येक खुंटाचे चार-पाच चांगले फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखायचे, बस. रोप नाही, नर्सरी नाही, पाणी घालणं नाही. पुढच्या वीसेक वर्षांत शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना दाखवत दाखवत हे साधारण ५० लाख हेक्टरवर पसरलं. अर्थात एक अडचण होती, झाड सरकारचं मानलं जायचं त्यामुळे राखण्यात शेतकऱ्याला फायदा दिसत नव्हता. झाडावर आपला हक्क आहे अशी खात्री वाटायला लागली तसतसं राखणं वाढलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

दुसरं उदाहरण सिडनीच्या दोन बहिणींचं, जोन आणि आयलीन ब्रॅडली. १९६० च्या दशकात त्या घराजवळच्या रानात रोज फिरायच्या आणि फिरता फिरता हातानं तण उपटायच्या. त्यातनं त्यांनी जी पद्धत बसवली ती आजही जगभर वापरतात आणि ती ऐकायला उलटी वाटते. आपण काय करतो, जिथे सगळ्यात वाईट अवस्था आहे तिथे आधी तुटून पडतो. त्या म्हणायच्या की सगळ्यात चांगला तुकडा शोधा, जिथे देशी झाडं अजून धड आहेत, तिथून सुरुवात करा आणि हळूहळू वाईटाकडे सरका. माती कमीत कमी उकरा, उकरलीत तर वर पालापाचोळा पुन्हा पसरा. आणि देशी रोपटी ज्या वेगानं मोकळी जागा भरतायत त्याच्यापेक्षा जास्त वेगानं तण काढू नका, कारण मोकळी माती दिसली की तिथे पहिलं येतं ते तणच.

तर ओढ्याकाठी तुमचा पहिल्या वर्षाचा खरा कार्यक्रम हा आहे : कचरा थांबवणं, गुरं चारणाऱ्यांशी बोलून काही तुकडे आळीपाळीनं बंद ठेवणं, चांगला तुकडा शोधून त्याच्या भोवतीचं तण काढणं, आणि आपोआप आलेल्या देशी रोपांना काठी लावून खूण करणं म्हणजे कोणी चुकून विळा मारणार नाही. वर्षभरानंतरही काही जाती आलेल्याच दिसल्या नाहीत, आसपास त्यांची आई-झाडंच उरलेली नाहीत, तर त्या आणून लावा. तेवढ्याच.

"कुठली" याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही आणि कोणी लांबून यादी पाठवली तर ती घेऊही नका. तुमच्याच भागातल्या सगळ्यात जुन्या, कमी हात लागलेल्या जागा शोधा. त्या भलत्याच ठिकाणी सापडतात. अमेरिकेच्या मध्य भागात नांगरानं जवळपास सगळी प्रेअरी, म्हणजे तिथला गवताळ प्रदेश, संपली, तिचे अस्सल तुकडे उरले ते जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेरुळांच्या कडेला, कारण तिथे नांगर गेलाच नाही. देवराई, जुनं स्मशान, कड्याचा उतार, दोन बांधांमधली पट्टी, अशा जागा हुडका आणि तिथे काय आहे ते लिहून घ्या, ती तुमची यादी.

प्रश्न : गावाजवळ मोठा माळ आहे, नुसतं गवत, झाड औषधाला नाही. ओसाड दिसतो. एक संस्था हजारो झाडं द्यायला तयार आहे. लावून टाकू का?

थांबा, प्लीज थांबा. माळ म्हणजे ओसाड जमीन ही समजूत इतकी पक्की बसलीये की चांगली चांगली माणसं चांगल्या मनानं माळ मारतात. गवताळ प्रदेश हा स्वतः एक पूर्ण अधिवास आहे. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, बिळात राहणारे प्राणी, फक्त गवतावर वाढणारे कीटक, पावसाळ्यात दोन-तीन आठवडेच डोकं वर काढणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती, यातल्या कितीतरी जातींना उघडं आभाळ आणि ऊन लागतं. दाट झाडं लावली की सावली होते, सावलीत गवत मरतं, आणि त्या झाडांवर शिकारी पक्षी बसायला लागले की जमिनीवरची घरटी त्यांना आयती दिसतात. शिवाय गवताचा कार्बन बराचसा मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागला तरी तो खालीच राहतो, म्हणजे हवामानासाठी म्हणून माळावर झाडं लावणं हेही नेहमी बरोबर नसतं.

हीच चूक समुद्रकिनाऱ्यावरही झालीये. फिलिपिन्समध्ये खारफुटी परत आणायला अनेक वर्षं प्रचंड पैसा आणि गावोगावच्या माणसांचे श्रम लागले, आणि पुष्कळ ठिकाणी जगलेली रोपं १० ते २० टक्केच. का, तर खारफुटीची खरी जागा मत्स्यतळ्यांखाली गेली होती, ती परत मागायची म्हणजे भांडण, म्हणून लोकांनी जिथे कोणाची हरकत नाही तिथे लावलं, उघड्या चिखलावर नाहीतर समुद्रगवताच्या पट्ट्यावर, जिथे खारफुटी मुळात नव्हतीच. रोपं मेली ती मेलीच, वर समुद्रगवताचं नुकसान. याउलट जिथे बांध फोडून भरती-ओहोटीचं पाणी पूर्वीसारखं खेळतं केलं आणि जवळपास आई-झाडं होती, तिथे बी पाण्याबरोबर वाहत आलं आणि खारफुटी आपापली उगवली.

न्यूझीलंडमध्ये तिरितिरी मातांगी नावाचं २२० हेक्टरचं बेट आहे, शेती आणि चराईनं उघडं पडलेलं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून जास्त रोपं लावली, पण बेटाच्या साधारण ६० टक्के भागावरच. बाकीचा मुद्दाम मोकळा, गवताचा ठेवला. कुठे लावायचं नाही हेही ठरवावं लागतं.

मग माळाचं काय करायचं? जुन्या लोकांना विचारा की पूर्वी कोणकोणतं गवत यायचं, कुठलं आता दिसत नाही. चराईला थोडी विश्रांती द्या, गवतात बी धरलं की मग कापा. बाहेरून आलेली काटेरी झाडं पसरत असतील तर ती काढा. आणि त्या संस्थेला सांगा की झाडांऐवजी देशी गवताच्या बियांना आणि राखणदाराच्या पगाराला मदत करा. नाही म्हणाले तर सोडून द्या, हजारो रोपं फुकट मिळतायत एवढं कारण पुरेसं नाही.

प्रश्न : आम्ही तीन रविवार घाम गाळून घाणेरी साफ केली. पुढच्या वर्षी पहिल्यापेक्षा दाट आली. काय चुकलं?

बहुतेक तुम्ही जमिनीच्या वर कापलीत, किंवा जाळलीत. घाणेरी (लँटाना) कापली की बुंध्यातून चौफेर फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात जी पद्धत बसवली ती अशी : कुदळीनं मुख्य मूळ जमिनीखाली साधारण ३ सेंटीमीटरवर तोडायचं, कारण फुटणारा भाग त्याच्या वरच असतो, आणि सगळं झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं म्हणजे परत मातीला लागून रुजत नाही. फळं धरायच्या आत हे करायचं. झुडूप पूर्ण खणून काढलं तर माती ढवळली जाते आणि खाली पडून राहिलेलं बी उगवतं, म्हणून कमीत कमी उकराउकर.

पण हे अर्धंच काम. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली टाकतात. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं अशा बसण्याच्या झाडांखाली जाऊन कोवळी रोपं हातानं उपटायची, लहान असताना पटकन निघतात, पोरंसुद्धा करू शकतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच देशी गवताचं बी पेरायचं. जागा रिकामी ठेवलीत की घाणेरी नाही तर दुसरं काहीतरी येणारच.

आणखी एक, सगळी एका दमात काढू नका. छोटे पक्षी आणि ससे त्या झुडपात आसरा घेत असतात, देशी झुडपं उभी राहायच्या आत सगळं उघडं केलंत तर त्यांनी जायचं कुठे? पट्टे पाडून काढा. घरटी असतील त्या दिवसांत हात लावू नका.

वेडी बाभूळ असेल तर तिची गोष्ट अजून चिवट आहे. जोधपूरच्या किल्ल्याला लागून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, ७० हेक्टर खडकाळ जमीन, तिथे २००६ मध्ये प्रदीप कृष्ण यांनी काम सुरू केलं. वेड्या बाभळीची मुळं खडकाच्या आत गेलेली, वरून कापून काही उपयोग नाही. शेवटी ते काम केलं खाणीत दगड फोडणाऱ्या खंडवालिया कारागिरांनी, हातोडी आणि छिन्नीनं, खडक फोडून मुळापर्यंत जाऊन. मग त्याच खड्ड्यांत वाळवंटातल्या खडकावर वाढणाऱ्या देशी जाती लावल्या. वनस्पतिशास्त्र शिकलेल्याला जे जमलं नाही ते दगड ओळखणाऱ्यानं केलं. तुमच्या आसपास असं कोणाचं कसब आहे ते बघा ना, विहिरी खणणारे, गुरं राखणारे, औषधी मुळ्या गोळा करणारे. त्यांना मजूर म्हणून नाही, जाणकार म्हणून बोलवा आणि मोबदलाही तसा द्या.

प्रश्न : नर्सरीत "देशी" म्हणून मिळतं ते घेतलं तर चालेल ना? का बी आम्हीच गोळा करायचं?

जमत असेल तर बी स्वतः गोळा करा. एकाच जातीचं झाड कोरड्या भागातलं आणि ओल्या भागातलं सारखं नसतं, फुलायची वेळ वेगळी, ताण सोसायची ताकद वेगळी. म्हणून शक्य तितक्या जवळचं, सारख्या माती-पावसातलं बी घ्यावं. आणि एकाच सुंदर झाडाखालचं पोतंभर बी उचलू नका, सगळी भावंडंच लावल्यासारखं होतं आणि एखादा रोग आला की सगळी एकदम बसतात. पुष्कळ झाडांवरून थोडं थोडं घ्या, दहा-वीस तरी. एका ठिकाणच्या एकूण बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त कधीच नाही, बाकी पक्ष्यांना, किड्यांना आणि त्या जागेलाच लागतं. दुर्मीळ जात असेल तर त्याहून कमी, किंवा हातच लावू नका.

साठवायच्या आधी बी कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा. काही बिया वाळवून वर्षानुवर्षं राहतात आणि काही वाळल्या की मेल्या, त्या पडल्या पडल्या पेराव्या लागतात. कडक सालीच्या बियांना थोडं घासून किंवा गरम पाण्यात भिजवून रुजवावं लागतं.

नर्सरीतनं घेणार असाल तर एवढं विचारा : बी कुठून आणलं? उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे बघा. पिशवीत मुळं गोल फिरलेली रोपं घेऊ नका. आणि माती तपासा. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये देशी रोपांच्याच नर्सरीत फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग सापडला, म्हणजे रान वाचवायला आणलेल्या रोपांबरोबर रोगच रानात जायची भीती. न्यूझीलंडमध्ये याच कुळातल्या रोगानं कौरीची प्रचंड झाडं मरतात म्हणून रानात शिरताना बूट घासून धुवावे लागतात. तुम्हीही एका जागेवरून दुसरीकडे जाताना बूट, खुरपी, कुदळी धुऊन घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : माझ्याकडे फक्त गॅलरी आणि छोटंसं अंगण. माझ्या चार कुंड्यांनी काय फरक पडणार?

पडतो, पण फुलं दिसली की झालं असं नाही, अळ्या किती जगतायत ते बघा. बहुतेक पानं खाणारे कीटक ठरावीक देशी झाडांवरच वाढतात आणि पक्ष्यांची पिल्लं त्या अळ्यांवर. अमेरिकेत चिकडी नावाच्या चिमणीहूनही लहान पक्ष्यावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात दिसलं की ज्या बागांत देशी झाडाझुडपांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तिथे या पक्ष्यांची संख्या टिकत नाही. फीडरमधले दाणे असून उपयोग नाही, पिल्लांना अळ्याच लागतात. तेव्हा पानाला भोकं पडली की औषध मारू नका, एवढी पहिली विनंती.

आणि दिसायला तसंच आहे म्हणून परकं झाड नको. मोनार्क फुलपाखरासाठी अमेरिकेतल्या लोकांनी हौसेनं बागांत उष्ण कटिबंधातली रुईसारखी मिल्कवीड लावली. देशी मिल्कवीड थंडीत वाळून जाते, ही ऊबदार भागात वर्षभर हिरवी राहते, त्यामुळे तिच्या पानांवर फुलपाखराच्या एका परजीवीचा साठा वाढत जातो आणि पुढच्या अळ्यांना तो लागतो. प्रेमापोटीच लावलेलं होतं.

तुमच्या गॅलरीचा अजून एक उपयोग आहे. गटासाठी तिथे रोपं वाढवा. वीस घरांत प्रत्येकी पंधरा पिशव्या म्हणजे एक नर्सरी झाली की.

प्रश्न : पहिल्या दिवशी शंभर-सव्वाशे माणसं, बॅनर, फोटो. तिसऱ्या महिन्यात चार. तेच चार. लोकसहभाग म्हणजे काय करायचं नेमकं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि असं लिहिणारे तुम्ही एकटे नाही.

आधी हे मान्य करूया की शंभर माणसांचा दिवस आणि चार माणसांचं वर्ष ही दोन वेगळी कामं आहेत आणि जागा जगते ती दुसऱ्या कामावर. रोप लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं त्याच्याभोवतीचं तण काढणं, आच्छादन घालणं, मेलेल्याच्या जागी नवं लावणं, जनावरांपासून राखणं, हे झालं नाही तर त्या शंभर माणसांचे श्रम वाया. म्हणून एक साधा हिशोब करा. तुमच्या चार-सहा पक्क्या माणसांना वर्षभर जेवढी रोपं सांभाळता येतील तेवढीच लावा. दीडशे तर दीडशे. कोणी पाच हजारांचा आकडा मागितला तर नाही म्हणा.

मोजायचं काय, तेही बदला. केनियात वंगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, गावातल्या बायका रोपं वाढवायच्या आणि लावायच्या, आणि त्यांना थोडाफार मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपाबद्दल. लावलेल्या नाही, जगलेल्या. एवढ्या एका नियमानं सगळं बदलतं बघा, रोप सशक्त होईपर्यंत बाई त्याच्याकडे लक्ष ठेवते, कुठे लावलं तर जगेल याचा विचार करते. त्या चळवळीनं पुढे पाच कोटींहून जास्त झाडं लावली आणि माथाईंना २००४ चं शांततेचं नोबेल मिळालं. तुमच्या गटात पैसा नसेल, पण बोर्डावर "लावली" ऐवजी "दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत" असा आकडा लिहायला पैसा लागत नाही. कमी आला तरी लिहा, का मेली ते लिहा.

मग माणसं का गळतात? माझं निरीक्षण असं की लोकांना काम नको असतं असं नाही, त्यांना फक्त खड्डे खणायचं काम नको असतं. सगळ्यांना तेच एक काम दिलंत की ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रविवारी सुट्टी नाही, ज्यांच्या कडेवर मूल आहे ती माणसं आपसूक बाहेर पडतात. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर समुद्रगवत १९३० च्या दशकात रोगानं आणि १९३३ च्या वादळानं पार नाहीसं झालं होतं. १९९९ पासून शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक दर वर्षी पाण्यात उतरून बी धरलेले तुरे हातानं खुडतात, मग ते टाक्यांत ठेवून बी वेगळं करतात, मोजतात, आणि नंतर खाडीत पेरतात. सात कोटींहून जास्त बिया. साधारण २०० हेक्टरवर पेरलेलं गवत आपलं आपण पसरत ३,६०० हेक्टरपर्यंत गेलं. त्यात पोहता येणाऱ्याचं काम आहे, पोहता न येणाऱ्याचंही, बसून निवडणाऱ्याचं आणि वही लिहिणाऱ्याचंही. आणि वीस वर्षं ते दर वर्षी त्याच दिवसांत आलं, त्यामुळे लोकांच्या वर्षाचा भाग झालं. तुम्हीही तारीख पक्की करा, महिन्याचा दुसरा शनिवार तर दुसरा शनिवार, दोनच तास, दोनच जण आले तरी रद्द करायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर वेळी "कधी जमेल" विचारत बसलात की ग्रुप संपला.

आता वर नायजरमध्ये म्हटलं ते हक्काचं. गट जमवताना आपण आपल्यासारख्यांनाच बोलावतो, आणि जी माणसं त्या जागेवर रोज जातात, सरपण आणणारी, गुरं चारणारी, मासे धरणारी, त्यांना थेट कुंपण दिसतं. मग कुंपण तुटणारच, त्यांनी का पाळावं? पहिल्या बैठकीलाच त्यांना बोलवा आणि जागेचा नकाशा जमिनीवर काढून त्यांना विचारा की तुम्हाला इथनं काय लागतं, कधी लागतं. चारा कापून न्यायची मुभा पण गुरं सोडायची नाहीत, किंवा हा तुकडा दोन वर्षं बंद पण तो खुला, अशी तडजोड निघते. ठरेल ते लेखी ठेवा, वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा. यात वेळ जातो, चिडचिड होते, एखादी जात लावायची राहून जाते. तरी हाच भाग मी कधीच गाळणार नाही.

आणि त्या चार जणांना सांगा की त्यांनी सगळं डोक्यात ठेवू नये. कुठल्या तुकड्यात काय लावलं, बी कुठून आणलं, चावी कोणाकडे, हे सगळं वहीत हवं. एक माणूस बदली होऊन गेला आणि जागेत पुन्हा तण माजलं असं फार वेळा होतं.

प्रश्न : परकी झाडं काढायला घेतली तर शेजारी अंगावर आले, "झाडं तोडणारे पर्यावरणवाले" म्हणाले. खूप वाईट वाटलं.

वाटणारच. पण त्यांचा राग समजून घ्या, त्यांनी त्या झाडांची सावली खाल्लीये, पोरं तिथे खेळलीयेत. शिकागोच्या आसपास १९७७ पासून स्वयंसेवक प्रेअरी आणि ओकची विरळ रानं परत आणत होते, काम उत्तम चाललं होतं, त्यात परकी झुडपं तोडणं आणि ठरवून आग लावणं आलंच. १९९६ मध्ये शेजारच्या रहिवाशांनी एवढा विरोध केला की तिथल्या प्रशासनाला काम थांबवावं लागलं. शास्त्र स्वयंसेवकांच्या बाजूचं होतं, पण लोकांना आधी कोणी नीट विचारलंच नव्हतं, असं रहिवाशांचं म्हणणं होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

तेव्हा परवानगी लेखी घ्या, तोडायच्या बऱ्याच आधी जागेवर बोर्ड लावा, काय काढणार, का, त्या जागी काय येणार. शेजाऱ्यांना चालत नेऊन दाखवा. एकदम सगळं न काढता एक छोटा तुकडा करून दाखवा आणि त्यात पहिल्या पावसानंतर काय उगवलं ते बघायला त्यांनाच बोलवा. आणि एखादं जुनं परकं झाड पसरत नसेल, त्याचं बी रुजून रानात जात नसेल, तर राहू द्या ना ते. भांडण पसरणाऱ्या जातींशी आहे.

प्रश्न : किती वर्षांनी म्हणायचं की झालं?

तुम्ही लावलेल्या झाडाच्या बियांपासून आपोआप उगवलेलं रोप दिसलं आणि ते दोन उन्हाळे टिकलं की पहिला टप्पा झाला समजा. दुसरी खूण म्हणजे तुम्ही न लावलेल्या देशी जाती यायला लागतात, पक्ष्यांनी, वाऱ्यानं, पाण्यानं आणलेल्या. गवताळ जागेत हे काही वर्षांत दिसू शकतं, रानाला दशकं लागतात. दर वर्षी त्याच चार ठिकाणी उभं राहून, त्याच दिशेला, त्याच महिन्यात फोटो काढा, जमिनीत लोखंडी खुंटी ठोकून ठेवा म्हणजे नव्या माणसालाही जागा सापडेल. आणि तण काढणाऱ्यांची फेरी त्यानंतरही वर्षातून एक-दोनदा चालू ठेवा, पावसाळा संपता संपता आणि परक्या झुडपांना फळं धरायच्या आत, कारण पक्षी काही तुमची हद्द बघून बी टाकत नाहीत.